आधी घर जिंकलं जातं

भिलाईत वाढलेल्या मराठी मुलांना काका-मामा थोडे आणि अंकल-आंटी भरपूर. १९५५ साली पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं प्लांटमध्ये नोकरीला आली. नागपूर-भंडारा-गोंदियाकडून जे आले, त्यांचे सख्खे गावाकडेच राहिले. इथे भिंतीला भिंत लागून असलेल्या क्वार्टरमधले तेलुगू, बंगाली, मल्याळी, छत्तीसगढी शेजारी हेच गणगोत झालं. आई सेक्टर नऊच्या हॉस्पिटलात भरती, बाबा सेकंड शिफ्टला, तर पोरं शेजारच्या आंटीकडे जेवायची आणि तिथेच झोपायची. टाउनशिपची ही मोठी कमाई आहे, आणि या लेखाचा हेतू ती मोडीत काढण्याचा मुळीच नाही.

पण ज्याला मुलांचा गैरफायदा घ्यायचा असतो, त्याला सगळ्यात आधी हाच विश्वास हवा असतो. आपण मुलांना बजावतो, ‘अनोळखी माणसाकडून चॉकलेट घ्यायचं नाही.’ बजावायला हरकत नाही. मात्र धोका बहुतेकदा ओळखीच्या चेहऱ्यानं येतो. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी त्यात बोलणं झालं होतं. त्यांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं. अत्याचार करणाऱ्यांतले निम्मे लोक ओळखीचे किंवा मुलाची जबाबदारी ज्यांच्यावर होती असे होते. आणखी एक गोष्ट त्या अहवालात आहे, जी अजून आपल्या गळी उतरत नाही: सोसणाऱ्यांत मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्तच होते. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली पोलिसांत नोंदल्या गेलेल्या गंभीर गुन्ह्यांत तर आरोपी ओळखीचा असण्याचं प्रमाण वर्षानुवर्षं नव्वद टक्क्यांच्या वर राहिलेलं आहे.

अत्याचाराआधी मुलाला आणि त्याच्या भोवतालच्या माणसांना सावकाश आपलंसं करून घेण्याची जी तयारी चालते, तिला ग्रूमिंग म्हणतात. पालक मुलाच्या चेहऱ्यावर खुणा शोधत बसतात. खुणा असतात त्या मोठ्या माणसाच्या वागण्यात, आणि त्या बऱ्याच आधी दिसू लागतात. त्या कशा दिसतात ते नीट पाहण्यासाठी एक काल्पनिक घर घेऊ.

सेक्टरमधलं क्वार्टर. बाबा शिफ्ट ड्यूटीवर, आई शाळेत शिक्षिका, मुलगा आठवीत. गणित कच्चं, म्हणून ट्यूशन. भिलाईत ट्यूशनशिवाय मूल मोठं होत नाही. आजूबाजूच्या जिल्ह्यांतली पोरंही इथे खोल्या घेऊन शिकायला राहतात. सर तरुण, हसतमुख, मेहनती. दोन महिन्यांत मुलाचे गुण वाढतात. घरात सरांचं कौतुक सुरू होतं. फी थोडी लांबली तर ‘राहू द्या हो, घरचीच गोष्ट आहे’ म्हणतात. दिवाळीला फराळाला बोलावणं जातं. रात्री उशीर झाला की सर स्कूटीवर मुलाला दारापर्यंत सोडतात, कारण बाबांची नाइट शिफ्ट आहे हे त्यांना पाठ असतं.

इथपर्यंत वावगं काहीच नाही. असे शेकडो चांगले शिक्षक या गावात आहेत आणि त्यांच्या जिवावर पोरं पुढे गेली आहेत. म्हणून तर हे ओळखणं अवघड.

पुढे रविवारी एक जादा तास निघतो, तोही एकट्या याच मुलासाठी. मग कानात घालायचे इअरफोन भेट मिळतात आणि सोबत एक वाक्य येतं: ‘आईला सांगू नकोस, उगाच रागावेल.’ भेट क्षुल्लक आहे, वाक्य क्षुल्लक नाही. मूल गुपित पाळतं की घरी सांगतं, याची ती चाचणी असते. मुलानं पाळलं, तर पुढचं गुपित थोडं मोठं असतं: सिगारेटचा एक झुरका, सिनेमा, मोबाइलवरचा एखादा ‘मोठ्यांचा’ व्हिडिओ. आता मुलाकडेही लपवण्यासारखं काहीतरी आहे. त्याच सुमाराला बोलण्याचा सूर बदलतो. ‘तुझ्या बाबांना तुझी किंमत कळत नाही.’ ‘तू बाकीच्यांसारखा बच्चा नाहीस.’ मित्र सुटतात, क्रिकेट सुटतं, घरच्यांशी बोलणं तुटक होतं. चेष्टामस्करीतली धक्काबुक्की, पाठीवरचा हात, कुस्तीचं निमित्त अशा स्पर्शाच्या सीमा एकेक पाऊल सरकवल्या जातात. आणि जेव्हा मूल बिचकतं, तेव्हा त्याला ऐकवलं जातं की हे तूही केलंस, सांगितलंस तर तूच अडकशील. तेरा वर्षांच्या मुलाला हे खरं वाटतं. आपण फसवले गेलो असं त्याला वाटत नाही. आपण सामील होतो असं वाटतं.

या घरात आईला इअरफोनबद्दल थोडं माहीत होतं. तिला वाटलं, मित्रानं दिले असतील. बाबांना रविवारच्या तासाबद्दल माहीत होतं. समोरच्या आंटीनं दोनदा मुलाला भर दुपारी सरांच्या खोलीतून एकट्याला उतरताना पाहिलं होतं. तिघांचं तिघांनी आपापल्या मनात ठेवलं. प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र, निरागस कारण होतं. कारण लागत नव्हतं ते या सगळ्या गोष्टी एकाखाली एक ठेवल्यावर. त्यामुळे मनाला खटकलेलं काही असेल तर तारीख घालून वहीत लिहून ठेवावं आणि नवरा-बायकोनं आठवड्यातून एकदा तरी ते एकमेकांना सांगावं. हा संशयीपणा वाटेल, वाटू द्या.

खटकलं, पण ठोस काही हातात नाही, अशा वेळी एक उपाय साधा आणि कोणावरही आरोप न करणारा आहे. एकदा ‘नको’ म्हणून पाहायचं. ‘सर, रविवारी याला एकट्याला नाही पाठवत. शिकवायचं असेल तर आमच्या हॉलमध्ये बसून शिकवा, मी स्वयंपाकघरात आहे.’ ‘भेटवस्तू देणार असाल तर आमच्या हातात द्या.’ ‘मेसेज करायचा तर आम्ही दोघं असलेल्या ग्रुपवर करा.’ ज्याच्या मनात काही नाही, तो हे निमूट मान्य करतो. थोडा खट्टू झाला तरी दुसऱ्या दिवशी विसरतो. ज्याला एकांतच हवा आहे, तो वाटाघाटी करतो, रुसतो, तुम्हाला वगळून थेट मुलाकडून हट्ट करवून घेतो. ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ हा प्रश्न ऐकला की मी तरी सावध होते. मुलांबरोबर काम करणाऱ्या शहाण्या माणसाला नियमाची अडचण होत नाही, कारण नियम त्यालाही सांभाळतो. अर्थात, रुसणं हा गुन्ह्याचा पुरावा नव्हे. पण मुलाला त्याच्याकडे एकटं न पाठवण्यासाठी पुराव्याची गरजही नसते.

मुलाच्या बाजूच्या खुणांबद्दल थोडक्यात. एका ठरावीक घरी किंवा ठरावीक वारीच जायला नको म्हणणं, पोट दुखणं, सुटलेली अंथरूण ओली करण्याची सवय परत येणं, कुठून आले ते न सांगता येणारे पैसे किंवा वस्तू, वयाला न शोभणारी लैंगिक भाषा, फोन उलटा करून ठेवणं. यांतलं काहीही परीक्षेच्या ताणानंही होतं, त्यामुळे एका खुणेवरून निष्कर्ष काढू नये. काही मुलं तर काहीच दाखवत नाहीत. ‘तो तर सरांवर जीव टाकतो’ हे वाक्य दिलासा म्हणून फार वापरलं जातं. जीव लावायला शिकवणं हाच तर त्या तयारीचा भाग असतो.

मोबाइलवर हाच प्रवास महिन्यांऐवजी काही दिवसांत, कधी एका रात्रीत उरकतो. फ्री फायर किंवा बीजीएमआयसारख्या मोबाइल खेळाच्या चॅटमध्ये ओळख होते. समोरचा स्वतःचं वय पंधरा सांगतो. डायमंड किंवा यूसी, म्हणजे त्या खेळातलं चलन पाठवतो, खेळात जिंकवून देतो. मग विचारपूस सुरू होते: फोन कोणाचा आहे, घरी कोण असतं, आई फोन तपासते का. उत्तरं मिळाली की गप्पा खेळातून इन्स्टाग्रामवर, तिथून मेसेज आपोआप पुसले जाणाऱ्या एखाद्या अ‍ॅपवर हलवल्या जातात. ही जागा बदलण्याची घाई फार बोलकी असते. मग फोटो मागितला जातो, आणि एक फोटो गेला की धमकी सुरू होते: आणखी पाठव, नाहीतर पैसे दे, नाहीतर शाळेच्या ग्रुपवर टाकतो.

आपल्याकडे या गोष्टीला कायदा आहे, आणि तो बरीच वर्षं आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००९ साली लागू झालेल्या कलम ६७ ब नुसार मुलांना लैंगिक हेतूनं ऑनलाइन नात्यात ओढणं, त्यासाठी फूस लावणं हाच स्वतंत्र गुन्हा आहे; पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. पॉक्सो कायद्याचं कलम ११ लैंगिक हेतूनं मुलाचा सतत पाठलाग करणं, त्याच्यावर नजर ठेवणं, प्रत्यक्ष किंवा फोनवरून वारंवार संपर्क साधणं, मुलाला अश्लील चित्र दाखवणं या सगळ्याला लैंगिक छळ म्हणतं. म्हणजे हात लागेपर्यंत थांबावं लागत नाही. ‘अजून काही झालेलं नाही ना?’ असं विचारणाऱ्या नातेवाइकांना हे सांगायला हवं.

ऑनलाइन धमकीच्या वेळी घरात जी धावपळ होते, तिच्यात पुरावा हमखास नष्ट होतो. बाबा संतापून अ‍ॅप उडवतात, आई फोन फॉरमॅट करवून आणते, कुणी भाऊ मुलाच्या नावानं चॅट चालू ठेवून ‘त्याला पकडू’ बघतो. हे तिन्ही टाळावं. समोरच्याचं खातं, युजरनेम, प्रोफाइलची लिंक, फोन नंबर, पैसे मागितले असतील तर यूपीआय आयडी आणि तारीख-वेळ कागदावर लिहून घ्यावी. साध्या मजकुराचे स्क्रीनशॉट चालतील. मुलाचे आक्षेपार्ह फोटो मात्र आपल्या फोनवर घेऊ नयेत, वकील मामाला दाखवायला म्हणूनही कुठे पाठवू नयेत. अशी चित्रं बाळगणं आणि पुढे पाठवणं हा गुन्हा आहे, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही बाजू आणखी स्पष्ट केली आहे. फोन आहे तसा पोलिसांच्या हाती द्यावा. पैसे देऊ नयेत. दिले की मागणी वाढते. फोटो पसरण्याची भीती असेल तर अमेरिकेतल्या हरवलेल्या व शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. अठरा वर्षांच्या आत काढलेल्या फोटोचा एक सांकेतिक ठसा फोनवरच तयार होतो. फोटो फोनबाहेर जात नाही, फक्त तो ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो आणि त्यांच्या अ‍ॅपवर तसं चित्र आलं तर हटवता येतं.

आता सगळ्यात नाजूक जागा. मूल सांगतं तो क्षण. ते कधीच व्यवस्थित बसून सांगत नाही. भात कालवताना, दिवे मालवल्यावर, कधी ‘माझ्या एका मित्राचं असं झालं’ म्हणून सांगतं. अर्धंच सांगतं आणि तुमच्या चेहऱ्याकडे बघतं. तिथे ओरडलात, रडलात किंवा ‘आधी का नाही सांगितलंस?’ म्हणालात, की उरलेलं अर्धं आत जातं. ‘सांगितलंस ते बरं केलंस. तुझी काही चूक नाही. आता पुढचं आम्ही बघतो.’ एवढं पुरे. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नये, कारण ते मोडावं लागणार आहे. खोदून विचारू नये. ‘त्यानं इथे हात लावला का?’ असा प्रश्न विचारला तर उत्तर तुमचं होतं, मुलाचं राहत नाही. ‘मग काय झालं?’ एवढंच विचारावं आणि थांबावं. नंतर बाजूला जाऊन मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून काढावेत. आपली पोरं घरात मराठी आणि मैदानात हिंदी-छत्तीसगढी बोलतात; जो शब्द हिंदीत आला तो हिंदीतच लिहावा, त्याचं सभ्य मराठी करू नये. शारीरिक अत्याचार ताजा असेल तर आंघोळ घालण्याची, कपडे धुण्याची घाई करू नये. थेट दवाखान्यात न्यावं. सरकारी असो की खासगी, दवाखान्याला मोफत उपचार द्यावे लागतात आणि ‘आधी पोलिसांचा कागद आणा’ म्हणता येत नाही. मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरच करते.

मग तक्रार. इथे बहुतेक घरं अडतात ती एका गैरसमजापायी: आपल्याकडे पुरावा नाही. पॉक्सो कायदा संसदेत मे २०१२ मध्ये मंजूर झाला आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला लागू झाला. त्याच्या कलम १९ मध्ये पुरावा हा शब्द तक्रारदाराच्या वाट्याला दिलेलाच नाही. गुन्हा घडल्याची माहिती असेल किंवा घडण्याची शक्यता वाटत असेल, तर पोलिसांना कळवायचं, हे प्रत्येक माणसावर बंधन आहे: आईबापांवर, शेजारच्या आंटीवर, डॉक्टरवर, ट्यूशनच्या मालकावर. खरं-खोटं करणं हे तपासाचं काम. प्रामाणिकपणे दिलेली माहिती पुढे टिकली नाही, तरी सांगणाऱ्यावर कारवाई होत नाही, असं त्याच कलमात लिहिलेलं आहे. उलट, कळूनही गप्प बसणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचं कृत्य दडवलं तर एक वर्षापर्यंत. मुलानं स्वतः सांगितलं नाही म्हणून त्याला मात्र शिक्षा नाही.

फोन कुठे करायचा? १०९८ हा चोवीस तास चालणारा मुलांचा मोफत नंबर. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून तो सुरू झाला. २०२३ पासून तो सरकारी यंत्रणेकडे गेला आणि ११२ शी जोडला गेला. मूल स्वतःही लावू शकतं. धोका आत्ता, या क्षणी असेल तर सरळ ११२. ऑनलाइन प्रकरणात राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे, तिथे नाव न देताही कळवता येतं. नाव दिलं तर तक्रारीचा पाठपुरावा करता येतो, म्हणून शक्यतो द्यावं. संकटातल्या बायका-मुलींसाठीचं ‘सखी’ केंद्र ही सोय देशात सगळ्यात आधी आपल्या शेजारी रायपूरला, जुलै २०१५ मध्ये सुरू झाली. आता ती जिल्ह्याजिल्ह्यांत आहे, १८१ वर विचारता येतं. आणि यांतलं काहीच जमलं नाही तर जवळचं पोलीस ठाणं. हद्दीचा वाद घालता येत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मूल आजोळी, समजा वर्ध्याला गेलं होतं आणि प्रकार तिथे घडला, तरी भिलाईतल्या ठाण्यानं शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवून तो तिकडे पाठवायचा असतो. १ जुलै २०२४ पासून हे नव्या फौजदारी संहितेतच लिहिलेलं आहे.

ठाण्यात गेल्यावर काय व्हायला हवं हे माहीत असलं की माणूस कमी घाबरतो. तुमची माहिती लिहून घेतली जाते, तिला नोंद क्रमांक पडतो, ती तुम्हाला वाचून दाखवली जाते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यावी. मुलाला ठाण्यात बसवून ठेवायचं नाही. रात्री तर नाहीच. त्याचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता, आईबाप किंवा मुलाचा भरवशाचा माणूस समोर असताना घ्यायचा. मुलाला हिंदीत बोलणं जमत नसेल तर दुभाषी द्यावा लागतो. आरोपीची आणि मुलाची समोरासमोर गाठ पडू द्यायची नाही. चोवीस तासांच्या आत पोलिसांनी बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं. हे कागदावरचं झालं. प्रत्यक्षात कधी गणवेशातले साहेबच दारात येतात, कधी ‘उद्या या’ ऐकावं लागतं. तेव्हा भांडायची गरज नसते. ‘कलम १९ खाली माहिती दिली आहे, नोंद क्रमांक द्या’ हे एक वाक्य शांतपणे म्हणावं. माहिती नोंदवून न घेणं हाही कलम २१ खाली गुन्हा आहे, आणि ठाण्याबाहेर बसलेल्या बापापेक्षा हे ठाणेदाराला जास्त ठाऊक असतं. तरीही नाहीच घेतली, तर पोलीस अधीक्षकांना पोस्टानं लेखी पाठवता येते.

शाळा, क्लास, वसतिगृह, क्रीडा अकादमी यांच्याबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण तिथे ‘आमची चौकशी चालू आहे’ हे उत्तर ठरलेलं असतं. अंतर्गत चौकशी करा की. पण ती पोलिसांना कळवल्यानंतर, त्याऐवजी नाही. आपल्याच छत्तीसगढमध्ये कांकेर जिल्ह्यातल्या झलियामारीच्या कन्या आश्रमातलं मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरण जानेवारी २०१३ मध्ये उघड झालं. पॉक्सो लागू होऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. ज्यांच्यावर मुलींची राखण सोपवली होती, त्यांतलाच चौकीदार आणि एक शिक्षक आरोपी होते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहात २०१९ साली आदिवासी मुलींवरचे अत्याचार बाहेर आले. मुलींना तपासणाऱ्या एका डॉक्टरला कळूनही त्यानं सांगितलं नाही असा आरोप झाला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्याच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला होता. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला आणि बजावलं की अशा प्रकरणी तातडीनं कळवणं हे या कायद्याच्या मुळाशी आहे. माहीत असून न सांगणं हा गंभीर गुन्हा आहे. शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचारानंतर बदलापूरला ऑगस्ट २०२४ मध्ये लोक रुळांवर उतरले, ते जेवढे गुन्ह्यावर चिडले होते तेवढेच शाळेच्या आणि पोलिसांच्या दिरंगाईवर.

हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर मुलींना चोरून गोळ्या-चॉकलेटं द्यायचा, कडक प्रशिक्षकांच्या तावडीतला एकमेव प्रेमळ माणूस वाटायचा. काही वेळा तर पालक खोलीत असताना, त्यांची नजर पोचणार नाही असा उभा राहून तो ‘उपचारा’च्या नावाखाली अत्याचार करत असे. २०१५ च्या जूनमध्ये संघटनेला कळलं. तिनं सुमारे पाच आठवडे स्वतःच चौकशी करून मग एफबीआयला सांगितलं, आणि तिथेही ढिलाई झाली. तोवर तो रुग्ण तपासतच होता. जानेवारी २०१८ मध्ये शिक्षा सुनावली जाण्याआधी दीडशेहून जास्त जणींनी न्यायालयात उभं राहून आपलं म्हणणं मांडलं. पालक खोलीत असणं पुरेसं नसतं, काय चाललं आहे ते विचारण्याची त्यांना मुभाही हवी, हे त्या खटल्यानं दाखवलं. मुलाला क्लासला घालताना फी विचारतो तसं हेही विचारावं: एकट्या मुलाला बंद खोलीत शिकवलं जातं का, शिक्षक मुलांना खासगी मेसेज करतात का, तक्रार कोणाकडे करायची. उत्तर देताना संचालक बिचकले, तर दुसरा क्लास शोधावा. भिलाईत क्लासला तोटा नाही.

घरात मात्र थोडं उलटं चालतं. पाहुणे आले की ‘जा, काकांना पापा दे’ म्हणून आपण पोरीला पुढे ढकलतो. ती अंग चोरते आणि आपण हसतो. नमस्कार करून पळाली तरी चालेल, एवढं सैल सोडायला शिकलं पाहिजे. शरीराच्या सगळ्या अवयवांची खरी नावं मुलांना यावीत, म्हणजे जबाबात ‘शेम-शेम’ सांगायची वेळ येत नाही. आणि वाढदिवसाची गंमत लपवणं वेगळं, मोठ्या माणसानं आईपासून लपवायला सांगितलेली गोष्ट वेगळी, हे चार वर्षांच्या मुलालाही कळतं.

तक्रारीनंतरचे दिवस लांब असतात. न्यायालयानं दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो वर्षभरात खटला पुरा करायचा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ लागतो. बालकल्याण समितीकडून एक सहायक व्यक्ती मिळू शकते, जी तारखा, जबाब, समुपदेशन यांत सोबत राहते, ती मागावी. न्यायालयात वकील मुलाला थेट प्रश्न विचारत नाहीत, न्यायाधीशांमार्फत विचारतात, आणि आरोपी मुलाच्या नजरेला पडणार नाही अशी व्यवस्था असते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं. खटला चालू असतानाही अंतरिम भरपाई मिळू शकते. ‘समाजात बसून मिटवून टाकू’ म्हणणारे ज्येष्ठ येतील. हा गुन्हा तडजोडीनं मिटवण्याच्या यादीतला नाही, एवढंच त्यांना सांगावं.

उरतो प्रश्न त्याच ट्यूशनला येणाऱ्या बाकीच्या मुलांचा. सेक्टरच्या किंवा मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकण्याचा मोह होतो. टाकू नये. मुलाचं नाव, शाळा, घरचा पत्ता, अगदी गल्ली ओळखता येईल असा तपशील प्रसिद्ध करायला कायद्याची मनाई आहे, आणि क्वार्टर नंबर न लिहिताही भिलाईत माणसं ओळखतात. त्याऐवजी तपास अधिकाऱ्याला बॅचमधल्या मुलांची यादी द्यावी: आत्ताची आणि आधीच्या वर्षांची, जेवढी आठवेल तेवढी.